आडनाव झाले नाव. मुलीला ते शोभते का?

मुंबई, प्रतिनिधी - बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. लालबाग-परळच्या चाळीत असो वा दादरच्या सदनिकेत, मुलीचे नाव देवीचे, नदीचे किंवा फुलाचे असावे, हा रूढ संकेत. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या मात्र टेलर, मॅडिसन, ॲश्ली ही मुलींची नावे कानी पडतात. ही सारी मुळात आडनावे. तशी नावे आपल्या मुलींना ठेवावीत काय, याविषयी मतभिन्नता आहे.

या प्रथेचे मूळ आईच्या माहेरात आहे. इंग्लंड-अमेरिकेत आईचे माहेरचे आडनाव लुप्त होऊ नये म्हणून ते अपत्याला, प्रामुख्याने मुलग्याला, पहिले नाव म्हणून दिले जाई. शार्लट ब्राँटे यांच्या १८४९ मधील 'शर्ली' या कादंबरीत मुलग्यासाठी योजलेले नाव नायिकेला मिळाले आणि पुढे ते मुलींचेच झाले. गिरगावच्या खोताच्या वाडीसारख्या ख्रिस्ती वस्तीत आज ते परके वाटत नाही.

आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणजे करीना कपूर. आईने गरोदरपणी टॉलस्टॉय यांची 'ॲना कॅरेनिना' वाचली, त्यावरून आपले नाव पडले, असे तिने सांगितले आहे. यातील 'कॅरेनिना' हे नायिकेचे सासरचे आडनाव. रशियन भाषेत विवाहित स्त्रीचे आडनाव स्त्रीलिंगी रूप घेते. त्यामुळे ते मुलीला सहज शोभले.

मराठी आडनावांना ही सोय नाही. '-कर' म्हणजे त्या गावचा. कुलकर्णी, देशपांडे ही वतने. काही आडनावे तर चक्क टोपणनावे. ती हाकेसाठी घडलेलीच नाहीत. शिवाय 'टेलर' म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांसमोर शिंपी उभा राहतो. अशा नावाने शाळेत चेष्टा होईल आणि अर्जांत नाव व आडनावाचे रकाने उलटेपालटे होतील, हा विरोधकांचा मुद्दा म्हणूनच रास्त ठरतो.

समर्थकांचा युक्तिवाद मात्र केवळ हौसेचा नाही. मराठी स्त्रीचे विवाहानंतर आडनावच नव्हे, तर नावही बदलले जाई. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघीही माहेरच्या 'यमुना'. एका पिढीतच आईच्या कुळाची खूण पुसली जात असेल, तर ती लेकीच्या नावात जपावीशी वाटणे स्वाभाविक आहे.

ती खूण जपण्याचा एक मार्ग आता शासनानेच खुला केला आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव हा क्रम बंधनकारक आहे. यात आईचे नाव आले. तिचे माहेरचे आडनाव मात्र अद्याप बाहेरच राहिले.

पालकांना विचारासाठी अवधीही मिळतो. जन्माची नोंद नावाविना झाली असल्यास १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदविता येते. महापालिकेच्या दप्तरी नाव चढविण्यापूर्वी ते एकदा आडनावासह मोठ्याने उच्चारून पाहावे. हाक मारणारे बदलतील. 'ओ' देणारी मात्र जन्मभर तीच असेल.