विदेचे प्रतिरूप आणि बोलीची नोंद

बोलीच्या पाहणीत जमलेली सामग्री संगणकाच्या स्वाधीन करताना अभ्यासकाचे सारे लक्ष उच्चारांच्या लेखनाकडे असते; तिची मांडणी हे तंत्रज्ञाचे काम मानून तो बाजूस होतो. ही समजूत घातक होय. पुढे त्या सामग्रीला कोणते प्रश्न विचारता येतील, हे मांडणीवरच ठरते.

आरंभीच्या विदा-पद्धतींपैकी एका प्रमुख पद्धतीत मांडणी वृक्षासारखी असे. अपोलो यानाच्या सुट्या भागांच्या याद्यांसाठी आय.बी.एम.ने १९६६ पासून उभारलेली पद्धती याच जातीची. तीत प्रत्येक नोंदीला जनक एकच. गावाखाली निवेदक व निवेदकाखाली त्याने दिलेले शब्द अशी रचना केली, की 'अमुक गावी काय म्हणतात?' याचे उत्तर सहज मिळते. परंतु पुत्र या अर्थी अहिराणीतील 'आंडोर' हा शब्द कोठकोठे आढळतो, हे पाहण्यासाठी फांदीन् फांदी धुंडाळावी लागते. ही वाट आज्ञावलीतच लिहिलेली असल्यामुळे मांडणी बदलताच आज्ञावलीही निकामी होते.

एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित प्रतिरूप मांडले, ते या परावलंबनावरील उपाय म्हणून. ('संबंध' ही येथे गणितातील संज्ञा आहे, सारण्यांचे परस्परांशी नाते, असा तिचा अर्थ नव्हे.) सर्व विदा सारण्यांत असते व ओळींना क्रम नसतो. काय हवे एवढेच आज्ञावलीने सांगावे. वाट पद्धतीने शोधावी. गावे, निवेदक व संकल्पना यांच्या सारण्या वेगळ्या कराव्यात आणि उत्तरांच्या सारणीने त्यांना जोडावे. ओळख पटविण्याची खूण मात्र शब्दाला देऊ नये, संकल्पनेला द्यावी. प्रमाण मराठीतील 'मुलगा' पुत्रालाही लागू पडतो आणि कोणत्याही बालकालाही. या दोन अर्थांना वेगळे शब्द असणारी बोली त्या एका रकान्यात बसावयाची कशी?

खरी अडचण रिकाम्या रकान्याची आहे. 'आंडोर' न म्हणणारे निवेदक कोणते, असे विचारले असता ज्यांचा रकाना रिक्त आहे त्यांची नावे येत नाहीत. रिक्ताशी केलेल्या तुलनेचे फळ खरेही नसते, खोटेही नसते. ते 'अज्ञात' ठरते, आणि उत्तरात केवळ खऱ्या ठरलेल्या ओळी घेतल्या जातात. म्हणून 'म्हणणारे' व 'न म्हणणारे' यांची बेरीज एकूण संख्येइतकी होत नाही. हे ध्यानी न घेता काढलेली शब्दसीमा नकाशावर कितीही रेखीव दिसली, तरी तिला पुराव्याचा आधार नसतो.

शिवाय रिक्तता एका प्रकारची नाही. प्रश्न विचारलाच नाही. निवेदकास आठवले नाही. अथवा त्या बोलीत तशी वेगळी संज्ञाच नाही. यांतील तिसरा प्रकार हा स्वतःच एक भाषिक निष्कर्ष आहे, आणि पहिल्या दोहोंत मिसळताच तो नाहीसा होतो. यास्तव कारणाचा स्वतंत्र रकाना पहिल्या दिवसापासून असावा, व तो पाहणी करणाऱ्यानेच गावात असतानाच भरावा. कार्यालयात बसून नोंदी चढविणाऱ्यास ते कारण कळण्याचा मार्ग नसतो.