एकदा कौल झाला, दुसरा का झाला नाही?



लागण, खोडवा, बेणे सोडून ऊस विकास खात्याला आज ब्रिटनचे राजकारण कसे सुचले, असे कोणी म्हणेल. पण शिवारफेरीत सभासद आम्हाला हमखास विचारतात, "साहेब, सभेत एकदा ठराव झाला तो झाला, का परत सभेपुढे आणता येतो?" ब्रिटन हा सगळा देश याच प्रश्नावर साडेतीन वर्षे भांडत होता. ती हकीकत समजून घेतली तर आपल्यालाही उपयोगी पडेल.

मूळ प्रकरण

युरोपातील देशांनी मिळून सामायिक बाजारपेठ उभी केली. आपसात जकात नाही, बाहेरच्या मालावर मात्र सर्वांची एकच जकात. एका परीने ही देशांची सोसायटीच म्हणा. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी तिचा सभासद झाला. राहायचे की नाही यावर १९७५ मध्ये सार्वमत झाले, तेव्हा ६७ टक्के लोकांनी 'राहू' म्हटले. पुढे या बाजारपेठेचा युरोपीय संघ झाला. कायदे, माणसांची ये-जा, न्यायालय असे बरेच काही तिच्यात आले आणि कुरकुर वाढली.

२३ जून २०१६ रोजी पुन्हा सार्वमत झाले. 'बाहेर पडू' म्हणणारे ५१.९ टक्के, 'राहू' म्हणणारे ४८.१ टक्के. एक कोटी ७४ लाख विरुद्ध एक कोटी ६१ लाख. इंग्लंड व वेल्सने बाहेरचा कौल दिला; स्कॉटलंड व उत्तर आयर्लंडने राहण्याचा. कायद्याने हा कौल सल्ल्यापुरताच होता, पण लोक म्हणतील ते करू, असा शब्द सरकारने आधीच देऊन ठेवला होता.

खरी मेख कुठे होती

मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते, राहणे किंवा सोडणे. पण सोडून कुठे जायचे, हे त्यावर नव्हते. समजा, आपण सभेत विचारले, "अमुक वाण बंद करायचे का?" हात भराभर वर होतील. पण त्याच्या जागी कोणते लावायचे म्हटले की कोणी ८६०३२ म्हणेल, कोणी २६५, कोणी तिसरेच. 'हे नको' यावर बहुमत. 'ते हवे' यावर कशालाच नाही. ब्रिटनचे नेमके असेच झाले. काहींना संघाबाहेर पडूनही जकातीपुरते एकत्र राहायचे होते. काहींना सगळे संबंध तोडून नवा करार हवा होता. काही म्हणत, करार नसला तरी चालेल. त्यात आयर्लंडच्या सरहद्दीचा गुंता. तिथे नाके उभे राहिले तर १९९८ च्या शांतता कराराला धक्का बसेल, ही भीती होती.

पंतप्रधान थेरेसा मे यांनी करार आणला. १५ जानेवारी २०१९ रोजी तो २०२ विरुद्ध ४३२ मतांनी पडला. नंतर आणखी दोनदा पडला.

दुसऱ्या सार्वमताची मागणी

एप्रिल २०१८ पासून एक चळवळ उभी राहिली. तिचे म्हणणे असे: २०१६ मध्ये लोकांनी कल्पनेला मत दिले, आता करार समोर आहे तर तो वाचून लोकांनाच ठरवू द्या. जमीन बघायच्या आधी दिलेला शब्द आणि सातबारा पाहून केलेला सौदा यात फरक आहे, असाच हा मुद्दा. लंडनच्या रस्त्यावर लाखो लोक उतरले.

विरोधकांचे म्हणणेही हलके नव्हते. हरलेल्यांनी परत मत मागायचे म्हटल्यावर जिंकलेल्यांच्या मताची किंमत काय? तिसऱ्यांदा का नको मग? आयर्लंडने लिस्बन करार २००८ मध्ये नाकारला, २००९ मध्ये पुन्हा मत घेऊन स्वीकारला. 'हवे ते उत्तर येईपर्यंत विचारत राहतात,' असे बोट त्याकडे दाखवले जाई. मात्र तिथे दुसऱ्या मताआधी आयर्लंडला काही हमी मिळाल्या होत्या, हेही ध्यानात ठेवावे.

मग अडले कुठे?

अडले ते पक्षांच्या हिशेबात. हुजूर पक्षाचे बहुतेक मतदार बाहेर पडण्याच्या बाजूचे. त्यांना दुसरे मत परवडणारे नव्हते. मजूर पक्षाची कोंडी मोठी होती. त्यांचे शहरी मतदार 'राहू'वाले, तर उत्तरेकडच्या जुन्या गिरणी-खाणीच्या भागांतले 'सोडू'वाले. त्यामुळे पक्ष बरेच दिवस कुंपणावर बसला. लिबरल डेमोक्रॅट तर म्हणू लागले, आम्हाला बहुमत द्या, मत न घेताच निर्णय रद्द करू.

१ एप्रिल २०१९ रोजी पार्लमेंटात पर्यायांवर मतदान झाले. दुसऱ्या सार्वमताचा ठराव २८० विरुद्ध २९२, म्हणजे १२ मतांनी पडला. जकात-संघाचा ठराव अवघ्या तीन मतांनी पडला. त्या दिवशी एकही पर्याय मंजूर झाला नाही. आपला पर्याय नाही तर कोणताच नाही, असे प्रत्येकाने धरल्यावर दुसरे काय होणार?

डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांच्या हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मते आणि ६५० पैकी ३६५ जागा मिळाल्या. दुसरे मत मागणाऱ्या पक्षांची एकत्रित मते जवळपास निम्मी होती, पण ती वाटली गेली. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. २०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला, तोही संघात परतणार नाही असे सांगूनच.

साखरेतही दोन बाजू

युरोपीय संघ आपल्या बीट उत्पादकांना सांभाळतो, म्हणून बाहेरच्या कच्च्या ऊससाखरेवर मोठी जकात घेतो. लंडनला अशी साखर शुद्ध करणाऱ्या टेट अँड लाईल शुगर्सने त्यामुळे उघडपणे 'सोडू'ची बाजू घेतली. २०२१ पासून ब्रिटनने वर्षाला दोन लाख ६० हजार टन कच्ची ऊससाखर जकातीविना येऊ दिली. तिथल्या बीट उत्पादकांना ती खुपली. एकाच निर्णयाने एकाचे भले आणि शेजाऱ्याचे नुकसान होते, ते असे.

आपण काय घ्यावे

कोणाची बाजू खरी होती, हे ठरवणारे आम्ही नव्हे. पण हात वर करण्याआधी सभासदाने तीन गोष्टी विचाराव्यात, एवढे नक्की.

१) 'होय' म्हटले तर उद्यापासून नेमके काय होणार, ते ठरावात लिहिले आहे काय?

२) किती बहुमत पुरे? पोटनियम दुरुस्तीला आपल्याकडे हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. उगाच नाही. दोन-चार टक्क्यांच्या फरकाने मोठा बदल केला तर निम्मी सभा रुसून घरी जाते.

३) काही बदलले तर फेरविचार कधी व कसा, हे आधी ठरले आहे काय? निकाल लागल्यावर हा नियम करू गेले की जिंकलेल्याला तो डाव वाटतो आणि हरलेल्याला हक्क.

फेरविचार मागणे हा गुन्हा नाही, आणि झालेला कौल मानणे हा भित्रेपणा नाही. विषयपत्रिका हातात आली की ती घडी करून खिशात न टाकता नीट वाचावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी