सायकल आणि घाट

तंजावर म्हटले की मराठी श्रोत्यांना व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. कावेरीचा हा मुलूख भातशेतीचा, रस्ते सपाट. येथील सायकलस्वाराचा मुख्य वैरी म्हणजे समोरचा वारा. परंतु वायव्येकडे नामक्कल जिल्ह्यात कोल्लिमलैचा घाट लागला, की हिशेब पालटतो. त्या घाटात ७० अवघड वळणे आहेत.

घाटात वैरी ठरतो तो स्वतःचा भार. स्वार व सायकल मिळून ८० किलो धरले, तर शंभर मीटरांत दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर जणू आठ किलोंचे ओझे सतत मागे ओढीत असते. स्पेनमधील आंग्लिरूचा घाट सरासरीने जवळजवळ एवढाच चढा असून १२.५ किलोमीटर लांब आहे. त्या देशाच्या व्हुएल्ता शर्यतीत तो १९९९ साली प्रथम आला. त्याचा एक टप्पा तर शेकडा तेवीसहून अधिक चढाचा आहे.

वळणे पाहून नवखा स्वार दचकतो. वस्तुतः रस्ता लांबवून तीच चढ सौम्य करतात. मात्र वळणाची आतली कड उभी असते, आणि डावीकडे वळताना तीच आपल्या वाट्याला येते. म्हणून गिअर वळणाआधीच हलका करावा.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. सपाटीवर कमावलेला वेग त्या मानासाठी पुरत नाही. पायथ्याशी वेग आवरून दम राखणे हीच घाटाची पहिली विद्या. आणि उतरणीपूर्वी ब्रेक तपासणे ही दुसरी.