बर्फावरील चाकरी

खेळाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने विजयांच्या सनावळीबरोबर खेळाडूंची जमाखर्चाची वहीही चाळून पाहावी. कारण कॅनडा आणि अमेरिका या दोन देशांतील स्त्रियांच्या आईस हॉकीची सनावळ जितकी वैभवशाली, तितकीच तिच्या वहीतील जमेची बाजू वर्षानुवर्षे कोरी राहिलेली आढळते. 1990 साली ओटावा येथे त्यांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा भरली (तीत यजमान कॅनडाच्या संघाला गुलाबी पोशाख चढवण्यात आला होता, यावरून चालकांचा भरवसा खेळापेक्षा रंगावर अधिक होता की काय, असा संशय येतो), आणि 1998 साली नागानो येथे या खेळाला ऑलिंपिकचे द्वार खुले झाले. परंतु दरमहा वेतन हा शब्द मात्र या स्त्रियांच्या आयुष्यात फार उशिरा आला. तोवर ज्या कोणा स्त्रीला व्यावसायिक म्हणवून घ्यायचे असेल, तिला पुरुषांचेच दार ठोठावावे लागे. मॅनों रेओम या गोलरक्षिकेला 1992 साली टँपा बेच्या संघाने एका सराव-सामन्यात एक सत्र उभे केले, आणि 2003 साली हेली विकेनहायझर फिनलंडमधील पुरुषांच्या व्यावसायिक संघात जाऊन गोल करून आली.

या विसंगतीचे पुरते आकलन व्हायचे, तर 20 फेब्रुवारी 2014 रोजी सोची येथे झालेला ऑलिंपिकचा अंतिम सामना आठवावा. शेवटची साडेतीन मिनिटे उरली असता कॅनडा दोन गोलांनी मागे होता. त्यांतला एक फिटला, तेव्हा आणखी एक आक्रमक वाढवण्यासाठी त्यांनी आपली गोलरक्षिका माघारी बोलावली, आणि नेमक्या त्या वेळी एका अमेरिकन खेळाडूने दूरवरून टोलवलेली रबराची चकती बर्फावरून संथपणे घसरत रिकाम्या जाळ्याकडे निघाली. ती आत जाती तर सामना तिथेच संपता. परंतु ती खांबाला आपटून बाहेर आली, मिनिटभराहूनही कमी अवधी उरला असता मारी-फिलिप पुलँ हिने बरोबरी साधली, आणि जादा वेळात विजयाचा गोलही तिनेच केला. 2010 च्या अंतिम सामन्यातील दोन्ही गोलही तिचेच. हीच पुलँ शिक्षण संपवून 2015 साली मॉन्ट्रियलच्या संघात परतली, तेव्हा तो संघ खेळत असलेल्या कॅनेडियन लीगमध्ये खेळाडूंना पगार म्हणून एक छदामही मिळत नसे. बिनपगारी, फुल अधिकारी!

त्याच वर्षी अमेरिकेत निघालेल्या दुसऱ्या लीगने वर्षाला किमान दहा हजार डॉलर देऊ केले खरे, पण दुसऱ्याच हंगामात त्या आकड्याला कात्री लावली. कॅनेडियन लीगने 2017 पासून दोन ते दहा हजारांची तैनात सुरू केली आणि 2019 च्या मार्चअखेर, विजेतेपदाचा सामना होऊन आठवडा लोटतो न लोटतो तोच, आपला गाशा गुंडाळला. उपकाराच्या भाकरीला मुदत नसते, हे त्या खेळाडूंना तेव्हा उमगले असे नाही. त्याआधीच, 2017 साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाने स्वदेशातील जागतिक स्पर्धेवर बहिष्काराची नोटीस बजावली होती. ऑलिंपिकपूर्व सहा महिनेच दरमहा हजार डॉलर देणाऱ्या महासंघाने बदली खेळाडूंचा शोध आरंभला, तेव्हा पार शाळकरी मुलींपर्यंत विचारणा गेली, आणि एकामागून एक नकार येत गेले. स्पर्धेला तीन दिवस उरले असता तडजोड झाली. अंतिम सामन्यात जादा वेळात हिलरी नाइट हिने गोल करून सुवर्णपदक पटकावले.

2019 च्या मे महिन्यात दोनशेहून अधिक खेळाडूंनी जाहीर केले की, उत्तर अमेरिकेतील कोणत्याही लीगमध्ये आपण उतरणार नाही. पोटाला चिमटा काढून चार वर्षे चालवलेल्या या असहकाराचे मला विशेष वाटते ते त्याच्या फलितामुळे: 2023 च्या उन्हाळ्यात नवी लीग स्थापन होत असता, पहिला सामना होण्यापूर्वीच, खेळाडूंच्या संघटनेशी 2031 पर्यंतचा करारनामा मंजूर झाला. आधी कागद, मग बर्फ! किमान वेतन 35 हजार डॉलर, प्रत्येक संघातील निदान सहा जणींना 80 हजार किंवा त्याहून अधिक, घरभाड्याचा भत्ता आणि प्रसूतीची भरपगारी रजा, ही कलमे त्यात आली. पुरुषांच्या एनएचएलमधील किमान वेतन त्याच हंगामात पावणेआठ लाख होते, तेव्हा याला श्रीमंती म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु दुसरी नोकरी न धरता खेळता येईल, एवढी सोय झाली. 1 जानेवारी 2024 रोजी टोरांटोत पहिला सामना झाला, आणि एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये 21,105 प्रेक्षक आले. जुलै 2023 मध्ये प्रसूत झालेल्या केंडल कॉइन स्कोफील्डने मे 2024 मध्ये मिनेसोटाच्या कर्णधारपदावरून लीगच्या विजेतेपदाचा पहिला वॉल्टर करंडक उचलला.

नोकरी आली की बदलीही आलीच. 2025 साली सिॲटल आणि व्हँकुव्हर हे दोन नवे संघ निघाले, तेव्हा जुन्या संघांना मोजक्याच खेळाडू राखून बाकीच्या खुल्या सोडाव्या लागल्या. आणि बोस्टनची कर्णधार हिलरी नाइट, वयाच्या पस्तिशीत, खंडाच्या दुसऱ्या टोकाला सिॲटलमध्ये रुजू झाली.