स्वतःच्याच खुनाचा आरोपी

सुधारायला निघालेला माणूस वाटेतच कोलमडतो, हे पडद्यावर मांडायला छाती लागते. कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी ते दोनदा मांडलं. १९३९ च्या ‘माणूस’मध्ये गणपत हा पोलीस शिपाई मैनाला वेश्यावस्तीतून घरसंसारात आणू पाहतो. शेवटी ती खुनी ठरते, आणि तो तुरुंगातून सोडवायला आला तरी जायला नकार देते.

१९७२ चा ‘पिंजरा’ त्याहून बोचरा. कथा अनंत माने यांची, संवाद पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांचे, गाणी जगदीश खेबुडकरांची. म्हणजे सगळा कोल्हापुरी ऐवज. बीज १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाचं. तिथला प्राध्यापक आपल्या जुन्या वर्गात येऊन मरतो. ‘पिंजरा’तल्या गुरुजींना तेवढीही सुटका नाही. तमाशा गावाबाहेर काढणारा हा आदर्श शिक्षक तमाशातल्याच चंद्रकलेच्या नादी लागतो. अब्रू वाचावी म्हणून दुसऱ्याच्या प्रेताला स्वतःचे कपडे चढवले जातात. गाव ‘दिवंगत’ गुरुजींचा पुतळा उभारतं आणि खरे गुरुजी फडावर पडेल ते काम करत फिरतात. पुढे पोलीस त्यांना पकडतात ते गुरुजींचा खून केल्याबद्दल!

ते गप्प राहतात. चंद्रकला खरं सांगायला धडपडते, तर तिची वाचाच जाते. हे मौन अनेकांना प्रायश्चित्त वाटलं. मला नाही वाटत. गुरुजी फासावर जातात ते पुतळ्याला तडा जाऊ नये म्हणून, आणि गाव खोट्यालाच हार घालत राहतं. गुरुजी साकारणाऱ्या डॉ. श्रीराम लागूंच्या चेहऱ्यावर ही कोंडी दिसते: पश्चात्ताप खराखुरा, पण तो कबूल करायला जागाच उरलेली नाही.

खोट्याला हार घालणारं असंच गाव घेऊन ऑगस्ट २०२० मध्ये झी मराठीवर ‘देवमाणूस’ ही मालिका आली. बोगस डॉक्टर, गावाचा लाडका, आतून खुनी. सोबतीला म्हणींची आतषबाजी करणारी सरू आजी. डॉक्टर झालेल्या किरण गायकवाड यांचं काम अस्सल होतं. पण गुरुजींना पोखरणारी लाज या डॉक्टरला शिवतसुद्धा नाही. मालिकेची प्रेरणा वाईजवळच्या धोममधल्या, २०१६ साली उघडकीला आलेल्या खुनांची. तिथे जमिनीतून निघाले ते खऱ्या माणसांचे मृतदेह होते, त्यांच्यामागे घरदार होतं. आजीच्या म्हणींवर हसताना त्यांची आठवण ठेवायला मालिकेने मला भाग पाडलं नाही. माझी ही तक्रार आजही कायम आहे.