मळ्यातल्या रेडिओला एलिमिनेटर किती व्होल्टचा?



गुऱ्हाळावर, मळ्यातल्या खोपीत चार सेलांचा रेडिओ पुष्कळांकडे असतो. रोज लावला की सेल पुरत नाहीत, म्हणून घरातलं एखादं हुशार पोरगं स्वतः एलिमिनेटर जोडून देतं. दुपारी रेडिओ झकास बोलतो. संध्याकाळी मात्र नेमका बाजारभावाच्या वेळी घुंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि गुळाचा दर काही ऐकू येत नाही. दोष रेडिओचा नाही, पोराच्या जोडकामाचाही नाही. हिशेब २३० व्होल्टवर केलेला असतो, आणि मळ्यात २३० मिळतातच असं नाही.

कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या उसाच्या पट्ट्यात एका डीपीवर बऱ्याच मोटारी असतात. त्या एकदम चालू झाल्या की लांब तारेत व्होल्टेज खाल्लं जातं. शेवटच्या खांबावर ते १७० पर्यंतही उतरतं. मोटारी बंद झाल्या की तिथंच २५० दिसतात. तेव्हा एलिमिनेटर या दोन्ही टोकांना पुरला पाहिजे.

आधी रेडिओ किती करंट खातो ते मोजा. सेलच्या वाटेत मल्टिमीटर लावून आवाज पूर्ण मोठा करा. समजा, १५० मिलिअँपिअर आले. थोडा वाव ठेवून २०० धरा. करंट जास्त देणारा एलिमिनेटर चालतो, रेडिओ आपल्याला लागेल तेवढाच ओढतो. व्होल्ट मात्र जास्त चालत नाहीत. चार सेल म्हणजे ६ व्होल्ट, तेवढेच हवेत. त्यासाठी ७८०६ नंबरचा रेग्युलेटर मिळतो. त्याला ६ व्होल्ट बाहेर द्यायला आत निदान ८ लागतात, हे विसरायचं नाही.

दुकानदार म्हणतो, ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर न्या. त्याचं चूक नाही, त्याच्या दुकानात लाईट पुरी असते. आता मळ्यातला हिशेब बघा. लाईन १७० वर आली की ९ चे साडेसहाच्या थोडे वर राहतात. चार डायोड आणि कपॅसिटर यांतून त्याचे १.४ पट होतात, म्हणजे साधारण ९.४. डायोड त्यातले १.४ खातात, उरले ८. शिवाय २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असला, तरी दर झोक्याला एखादा व्होल्ट खाली जातोच. राहिले ७. रेग्युलेटरला ८ हवेत, म्हणून तो घुंऽऽ आवाज येतो.

तेच १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला, तर १७० वर सुद्धा १० च्या आसपास उरतात. रेडिओ शांत बोलतो. ट्रान्सफॉर्मर ५०० मिलिअँपिअरचा घ्यावा. २०० चाच घेतला तर तापतो, कारण कपॅसिटर भरताना त्याच्यावर झटक्या-झटक्यानं ओझं येतं.

रात्री २५० झाले की उलटी अडचण. आत १७ व्होल्ट येतात, बाहेर ६ जातात. मधले ११ व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअर मिळून सव्वादोन वॅट उष्णता रेग्युलेटरमध्येच जिरते. बोट ठेववत नाही इतका तो तापतो. त्याला तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा पत्रा स्क्रूनं घट्ट आवळा. कपॅसिटर ३५ व्होल्टचा घ्या. १६ चा स्वस्त पडतो खरा, पण अशा रात्री फुटतो.

२३० च्या बाजूला पाव अँपिअरचा फ्यूज घाला आणि सगळं बंद डब्यात बसवा. ओल्या हातांच्या माणसांची ये-जा असते तिथं उघडी तार नको. रेडिओला लावण्यापूर्वी धन-ऋण टोकं मीटरवर तपासा, उलटी लागली तर रेडिओ जातो. वळवाचा पाऊस कडाडायला लागण्याआधीच पिन काढून ठेवा. त्या दिवसांसाठी चार सेल घरात असू द्यावेत.