एकदा काढले म्हणजे सगळे बदलले नव्हे

ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचा ड्रेन बोल्ट उघडला की जुने ऑइल सगळे निघून गेले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात खालच्या पॅनमधलेच ऑइल निघते. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद द्रवामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि कूलरमधले आतच राहते. अर्धा माठ ओतून वर ताजे पाणी भरावे, तसेच हे. दर खेपेला निम्मे निघते असे धरले, तर नव्या ऑइलचे प्रमाण आधी 50, मग 75, तिसऱ्यांदा 87.5 टक्के होते. मात्र मध्ये गाडी चालवून ते मिसळू द्यावे लागते. ‘हे ऑइल आयुष्यभर टिकते’ असे कोणी म्हणेल. पण उष्णतेने ते खराब होतेच. म्हणून ते बदलावेच; बदलताना निघालेले ऑइल मोजावे, तेवढेच मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचे भरावे आणि पातळी सांगितलेल्या तापमानालाच तपासावी.